एडिटला बसण्याआधी फुटेज मोकळं करून घ्या

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या एका मंडळाचा कार्यकर्ता माझ्याकडे आला. हातात एक हार्ड डिस्क, दोन मेमरी कार्डं आणि मोबाइलमध्ये साठलेल्या चाळीसेक क्लिपा. "दादा, रविवारी सगळ्या कार्यकर्त्यांचं जेवण आहे, तिथे पडद्यावर लावायचंय. जास्त नाही, पंधराच मिनिटांचं करा." त्या 'पंधराच'मागे किती रात्री जातात ते फक्त एडिट करणाऱ्यालाच ठाऊक. घाई होती, म्हणून मी माझा नेहमीचा नियम मोडला. फुटेज आलं तसं उचलून टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, टाकलं आणि कापायला बसलो.

पहिला तास बरा गेला. मग क्लिप मागे-पुढे सरकवली की चित्र अडकायला लागलं. अध्यक्षांच्या भाषणाची वेगळीच तऱ्हा. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळत होते, पण शेवटाकडे ते घोषणा देऊन हात खाली आणायचे आणि घोषणा मागाहून ऐकू यायची. शनिवारी रात्री एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला लावली, तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास एरर येऊन बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. मशीन रीस्टार्ट केलं, सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला. दोष यातल्या कशातच नव्हता. मी जे दीड तासाचं काम टाळलं होतं, त्यानेच सूड उगवला होता.

ते काम म्हणजे कॅमेऱ्याचं फुटेज कापायला सोप्या प्रकारात बदलून घेणं. त्याला आमच्यात नुसतं 'कन्व्हर्ट करणं' म्हणतात, जरा रुबाबात बोलायचं असेल तर 'ट्रान्सकोड'. ते का करायचं, कधी करायचं आणि कधी अजिबात करायचं नाही, ते सांगतो.

कॅमेरा फुटेज दाबून का भरतो, इथून सुरुवात करू. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण पावणे एकवीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाला एकेक बाइट धरला तर एका फ्रेमला सव्वासहा एमबी लागतात. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे दीडशे एमबीहून जास्त. तासाभराचं चित्रण सुमारे ५६० जीबी होईल. एवढं कुठल्या कार्डात मावणार? म्हणून कॅमेरा तेच चित्रण सेकंदाला ५० मेगाबिटच्या आसपास आणून बसवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. मूळ आकाराचा पंचविसावा हिस्सा, आणि डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. ही दाबून भरायची रीत म्हणजे कोडेक. २००३ साली आलेलं एच.२६४ आणि २०१३ साली आलेलं एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, ही त्यातली आज सगळीकडे दिसणारी दोन नावं.

एवढी जागा वाचते कशी? घरातलं आरत्यांचं छोटं पुस्तक आठवा. धृपद पहिल्यांदा पूर्ण छापलेलं असतं. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'ध्रु.' एवढंच. पान वाचतं, छपाई वाचते आणि पाठ असणाऱ्याचं काही अडत नाही. पण एखाद्याने तिसऱ्या कडव्यावर पुस्तक उघडून तुमच्या हातात दिलं आणि धृपद पाठ नसेल, तर पानं मागे उलटावीच लागतात.

कॅमेराही हेच करतो. अर्ध्या-एक सेकंदातून एकदा एक फ्रेम पूर्ण लिहितो. तिला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढीच नोंद. पाठीमागची इमारत तीच, आकाश तेच, फक्त गुलाल थोडा वर उडाला. त्यातल्या काही फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमच्या आधाराने लिहिलेल्या असतात. पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंतच्या या गठ्ठ्याला जीओपी म्हणतात, आणि गठ्ठा मोठा असला की 'लाँग जीओपी'.

नुसतं बघायचं असेल तर यात काहीच अडचण नाही. पहिल्या फ्रेमपासून ओळीने वाचत जायचं. एडिटिंग तसं चालत नाही. आपण मधूनच उडी मारतो, मागे येतो, अकराव्या फ्रेमवर कापतो, तीन कॅमेरे एकाखाली एक लावतो. मुंबईकराला हे लगेच कळेल. फास्ट गाडीत बसून विद्याविहारला उतरता येत नाही. कुर्ल्याला उतरून स्लो पकडावी लागते. लाँग जीओपी फुटेजमधल्या मधल्याच फ्रेमवर क्लिक केलं की सॉफ्टवेअर दर वेळी आधी आपलं कुर्ला गाठतं, मग तिथून एकेक फ्रेम उलगडत तुमच्या स्टेशनावर येतं. उलटं चालवलं तर हाल विचारूच नका. त्यात तीन कॅमेरे, वर कलर म्हणजे रंगांची सुधारणा, वर चित्रातले दाणे कमी करणारा एखादा इफेक्ट. मग मेमरी भरते, चित्र अडकतं, खिडकी पांढरी पडते. आपण म्हणतो सॉफ्टवेअर भंगार आहे.

एडिटिंगसाठीचे कोडेक ही कसरत करतच नाहीत. ॲपलचं प्रोरेस २००७ साली आलं, ॲव्हिडचं डीएनएक्सएचडी त्याआधी २००४ साली, आणि मोठ्या आकारांसाठी डीएनएक्सएचआर २०१४ साली. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. दाबलेलं तेही असतं, पण हलक्या हाताने, आणि उलगडायला सोपं. किंमत मोजावी लागते ती जागेची. फुल एचडी २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला ५५ जीबी. फोर-केमध्ये तेच ४९२ मेगाबिट, तासाला सव्वादोनशे जीबीच्या जवळ.

इथे एक गैरसमज इतका घट्ट बसलेला आहे की लग्नाचे व्हिडिओ करणारे जुने लोकही तो धरून बसतात. कन्व्हर्ट केल्यावर फाइल तिप्पट झाली म्हणजे क्वालिटीही वाढली, असं नाही. झेरॉक्स मोठी काढल्याने अक्षर सुधारत नाही. जे कार्डात आलं नाही, ते नंतर कुठूनही येणार नाही. आहे ते न गमावता हाताळायला सोपं करणं, एवढाच या कामाचा हेतू.

दुसरा घोटाळा डब्याचा. "एमपी४ आहे ना, मग चालायला पाहिजे" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. एमपी४, एमओव्ही, एमटीएस ही डब्यांची नावं आहेत. आत काय आहे ते त्यावरून कळतंच असं नाही. घरोघरी 'साखर' लिहिलेल्या डब्यातून रवा निघतोच की. एका एमपी४मध्ये साधं एच.२६४ असतं आणि मशीनवर लोण्यासारखं चालतं. दुसऱ्यात १०-बिटचं एचईव्हीसी असतं आणि तेच मशीन गुडघे टेकतं. आत काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. क्लिप त्यात टाकायची आणि तीन गोष्टी बघायच्या: कोडेक कोणता, बिट किती (म्हणजे रंगाच्या छटा किती, ते पुढे येईलच) आणि फ्रेम-रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे प्रमाण, स्थिर आहे की बदलतं. नुसता डबा बदलणं, म्हणजे एमटीएसचं एमओव्ही करणं, काही सेकंदांत होतं. सॉफ्टवेअर फाइल ओळखतच नसेल तर त्याचा उपयोग होतो. पण आतला माल तोच राहतो, त्यामुळे अडकणारं चित्र अडकतंच.

आता अध्यक्षांच्या भाषणाकडे येतो. मोबाइलचं फुटेज हाताळणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवावं.

मोठा कॅमेरा २५ म्हटला की सेकंदाला २५च फ्रेम टिपतो. मोबाइल तेवढा काटेकोर नसतो. ३० लिहिलेलं असतं, पण उजेड कमी झाला, फोन तापला किंवा मागे दुसरं काही चालू झालं की तो फ्रेम टिपायचा वेग गुपचूप कमी-जास्त करतो. याला बदलता फ्रेम-रेट म्हणतात. आवाज मात्र आपल्या ठरलेल्या गतीनेच रेकॉर्ड होत राहतो. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते आणि फोनवर बघताना प्लेअर ती वेळ पाळतो, म्हणून तिथे सगळं जुळलेलं दिसतं. एडिटिंग सॉफ्टवेअर मुळात स्थिर फ्रेम-रेट गृहीत धरून बांधलेली असतात. हल्लीच्या आवृत्त्या बरंच सांभाळून घेतात, पण लांब क्लिपमध्ये त्यांचाही हिशेब चुकलेला मी पाहिला आहे. मिनिटाला तीन फ्रेम कमी पडल्या तरी वीस मिनिटांच्या भाषणात साठ फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे दोन सेकंद. घोषणा आणि हात यांची ताटातूट झाली ती अशी. आवाज थोडा सरकवून ती जुळत नाही, कारण सुरुवात जुळवली की शेवट सुटतो.

यावर उपाय एकच: टाइमलाइनवर घेण्याआधी क्लिप स्थिर फ्रेम-रेटमध्ये कन्व्हर्ट करणं. सॉफ्टवेअर वेळेच्या नोंदी वाचतं, जिथे फ्रेम कमी आहे तिथे आधीची पुन्हा ठेवतं, जिथे जास्त आहे तिथली गाळतं. मोबाइलवरच्या स्क्रीन रेकॉर्डिंगचीही हीच कथा. यात एका मोहाला बळी पडू नका. टाइमलाइन २५ची आहे म्हणून ३०चं फुटेज कन्व्हर्ट करतानाच २५ करू नका. त्यात दर सहा फ्रेममधली एक उडते, आणि मिरवणुकीवर कॅमेरा फिरवलेला असेल तिथे झटके दिसतात. ३०चं स्थिर ३० करा, पुढचं टाइमलाइनवर बघू.

शूट करणारा पोरगा तुमच्या ऐकण्यातला असेल तर त्याला आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा. आयफोनमध्ये 'ऑटो एफपीएस' नावाची सोय कमी उजेडात फ्रेम-रेट खाली आणते, ती बंद करायची. आणि २५ फ्रेमला घ्यायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि मंडपातले साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ३०वर शूट केलं आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वेग त्या लुकलुकण्याशी जुळला नाही की चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. ते कुठल्याही कन्व्हर्जनने जात नाहीत.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपांचं तर काही करता येत नाही. पाठवतानाच त्या पुन्हा दाबल्या जातात आणि आकारही लहान होतो. आलेली क्लिप कन्व्हर्ट करून अडथळे कमी होतील, पण गेलेले तपशील गेलेच. मागवतानाच 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगायचं, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. मी हे प्रत्येक मंडळाला सांगतो. दहातले दोन ऐकतात.

कन्व्हर्ट करताना स्वतःच्या हाताने नुकसान करून घ्यायची जागाही आहे, ती म्हणजे बिट. ८-बिटमध्ये एका रंगाच्या २५६ छटा असतात, १०-बिटमध्ये १,०२४. गिरगाव चौपाटीवर सूर्य बुडतानाचं आकाश आठवा. केशरीतून जांभळ्यात जाणाऱ्या त्या उताराला जेवढ्या छटा असतील तेवढ्या कमीच. चांगल्या कॅमेऱ्याने ते १०-बिटमध्ये टिपलं आणि तुम्ही घाईत ८-बिटच्या कोडेकमध्ये उतरवलं, की कलर करताना आकाशात पायऱ्या दिसायला लागतात. प्रोरेस ४२२ मुळातच १०-बिट आहे. डीएनएक्सएचआरमध्ये मात्र नीट बघून निवडावं लागतं: एलबी, एसक्यू आणि एचक्यू ही ८-बिटची, १०-बिटसाठी एचक्यूएक्स. एका अक्षराचा फरक आहे, पण पूर्ण संध्याकाळ वाया जाते.

मग प्रत्येक वेळी सगळंच कन्व्हर्ट करायचं का? नाही. इथे माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक कार्डात एच.२६४ आणि एचईव्हीसी उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणाच असते. २०२० नंतरच्या ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर साधं फोर-के फुटेज थेट टाकलं तरी बहुतेकदा निमूटपणे चालतं. स्थिर फ्रेम-रेटचं कॅमेरा फुटेज, नवं मशीन, एकच कॅमेरा आणि पाच मिनिटांची रील असेल तर कन्व्हर्ट करत बसणं म्हणजे वेळ दवडणं. पण ही यंत्रणा प्रत्येक प्रकाराला असतेच असं नाही. अनेक मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ या प्रकारात रंग जास्त तपशिलाने साठवतात, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांना २०२५ची ५० मालिका येईपर्यंत तो प्रकार स्वतः उलगडता येत नव्हता. महागडं कार्ड लावूनही फुटेज अडकतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं कारण बरेचदा हेच निघतं. लिनक्सवर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तिथे एच.२६४ उघडतच नाही. कन्व्हर्ट केल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

कन्व्हर्ट आणि प्रॉक्सी यांतला फरकही इथेच सांगतो. प्रॉक्सी म्हणजे कापाकापीपुरती हलकी नक्कल. एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर पुन्हा मूळ फाइलकडे जातं. प्रोरेस प्रॉक्सी फुल एचडीत तासाला सतराएक जीबी घेतं, म्हणून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना ते सोयीचं. पण मूळ फाइलच खोडील असेल, फ्रेम-रेट बदलता असेल किंवा मधे एखादी फ्रेम बिघडलेली असेल, तर प्रॉक्सी तो प्रश्न शेवटच्या रात्रीपर्यंत पुढे ढकलतं. माझं एक्स्पोर्ट ऐंशी टक्क्यांवर मरत होतं ते मिरवणुकीतल्या एका मोबाइल क्लिपमुळे. तिच्या मधोमध काही फ्रेम खराब होत्या. टाइमलाइनवर मी त्या भागावरून भरभर गेलो होतो, एक्स्पोर्टला मात्र प्रत्येक फ्रेम वाचावी लागते. कन्व्हर्जनही पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक फ्रेम वाचतं. आधी केलं असतं तर ती क्लिप गुरुवारीच नावानिशी पकडली गेली असती. पिठाच्या चाळणीसारखं आहे हे. खडा चाळताना सापडलेला परवडतो, दाताखाली आलेला नाही.

प्रत्यक्ष कामाची माझी रीत अशी. कार्डावरून थेट कन्व्हर्ट करत नाही. आधी पूर्ण कार्ड, फोल्डरसकट, डिस्कवर उतरवतो. फोल्डरसकट म्हणण्याला कारण आहे. एव्हीसीएचडी प्रकारात चित्रण करणारे जुने कॅमेरे लांब चित्रण तुकड्यांत तोडून ठेवतात आणि ते जोडायची माहिती वेगळ्या फाइलीत असते. नुसत्या एमटीएस फाइली उचलल्या तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो. मग मीडियाइन्फोतून प्रत्येक कॅमेऱ्याची, प्रत्येक फोनची एकेक क्लिप बघतो. ज्यांना गरज आहे तेवढ्यांचाच गठ्ठा वेगळा काढतो. कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर शटर एन्कोडर फुकट आहे आणि त्याच्या पोटात एफएफएमपेग हे व्हिडिओ वाचणारं-बदलणारं इंजिन आहे, जवळजवळ काहीही वाचतं. त्यात डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस निवडायचं, फ्रेम-रेट आहे तोच स्थिर ठेवायचा, फाइलींची नावं मूळचीच ठेवायची आणि फोल्डर मात्र वेगळं. हँडब्रेक हे दुसरं कन्व्हर्टरही स्थिर फ्रेम-रेट करून देतं. आवाज जुळवण्यापुरतं ते पुरतं, पण मी त्यातून सहसा एच.२६४च काढतो, म्हणून कापायचं काम जड असेल तर त्याच्या वाटेला जात नाही. ॲपलचं एडिटिंग सॉफ्टवेअर फायनल कट वापरणाऱ्यांना हे सगळं घरबसल्या मिळतं. 'ऑप्टिमाइज्ड मीडिया' म्हटलं की ते स्वतःच प्रोरेस ४२२ बनवतं.

डिस्कचा विचार आधी करा. फोर-के प्रोरेसचा एक कॅमेरा सेकंदाला साठ एमबीच्या वर मागतो, तीन एकदम चालवले तर १८० एमबी. साध्या फिरत्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही. मग मूळ फुटेज अडकत होतं त्याऐवजी आता कन्व्हर्ट केलेलं अडकतं आणि माणूस चक्रावतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन टीबीची एसएसडी घेतली तेव्हा खिशाला चांगलाच चटका बसला होता, पण फिरती डिस्क त्यानंतर मी फक्त मूळ फुटेज जपून ठेवायला वापरतो.

कन्व्हर्जन संपलं की पाच मिनिटं तपासणीला. मूळ आणि नवी क्लिप यांची लांबी सारखी आहे का, माइक दोन होते तर आवाजाचे ट्रॅकही दोन आले का, आणि सिंक, म्हणजे चित्र-आवाज जुळतात का. सिंक तपासायला मिरवणुकीच्या फुटेजसारखं दुसरं काही नाही. क्लॅप वाजवायची गरजच नाही, क्लिपच्या शेवटच्या मिनिटात झांज कुठे आपटते ते शोधायचं. थाळ्या भिडतात त्याच फ्रेमवर आवाजाची रेघ उंच गेली पाहिजे. सुरुवातीची झांज जुळली म्हणून समाधान मानायचं नाही, घोळ नेहमी शेवटाकडे असतो.

त्या रविवारी पहाटे तीन वाजता मी मोबाइलच्या सगळ्या क्लिपा कन्व्हर्टला लावल्या. खराब फ्रेमवाली बाजूला काढली, भाषण नव्याने बसवलं आणि सकाळी आठला एक्स्पोर्ट एका दमात पूर्ण झालं. अकरा वाजता तो कार्यकर्ता आला, पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि म्हणाला, "दादा, कार्डं द्या ना, नवरात्राच्या शूटला लागतील, रिकामी करून ठेवतो." म्हटलं, आधी पडद्यावर शेवटपर्यंत चालू दे, मग ये.